"मी जातो" म्हणणारी पोरगी आणि राजारामपुरीतलं एक पाळणाघर

ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, नवऱ्याच्या मित्रांच्या बायकांना, प्रत्येकीला वेगवेगळं सांगून दमले म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. आमची पोरगी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका पाळणाघरात जाते, दीड वर्ष झालं, आता ती सव्वाचार वर्षांची आहे. नाव टाकत नाहीये कारण एकतर त्याला धड नावच नाही, गेटवर पाटी नाही, सगळे "काकूंकडं" म्हणतात, आणि दुसरं म्हणजे खाली तक्रारी पण लिहिणारे, नाव घालून लिहिल्या तर संध्याकाळी पोरीला आणायला कुठल्या तोंडानं जाऊ.

आधी आम्ही तिला अडीच वर्षांची असताना एका चकाचक प्ले ग्रुपला घातलं होतं. तेही नाव नको. एसी वर्ग, भिंतीवर जिराफ, गेटवर गार्ड, पिवळी बस. अ‍ॅडमिशनच्या आधी "इंटरॅक्शन" म्हणून आम्हा दोघांना आणि पोरीला बसवलं, तिला रंग विचारले, आम्हाला शिक्षण आणि नोकरी विचारली, नवऱ्याचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे म्हटल्यावर मॅडमनी "ओके" एवढंच म्हटलं पण ते ओके मला अजून आठवतंय. माझी नणंद डी.एड. झालेली, ती म्हणाली अगं पहिलीच्या प्रवेशाला मुलाची किंवा आईबापाची अशी चाळणी लावायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात चक्क बंदी आहे, पण प्ले ग्रुपला कोण विचारतंय. म्हटलं जाऊ दे, फी भरली.

तिसऱ्या महिन्यात घरी एक ऑब्झर्वेशन शीट आलं. त्यात भाषा या रकान्यात लिहिलेलं, मुलगी स्वतःबद्दल बोलताना मुलासारखं बोलते, पालकांनी लक्ष द्यावं. मी दोनदा वाचलं. मग कळलं काय ते आणि हसावं का रडावं समजेना. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते, इथं बायका, मुली, म्हाताऱ्या, सगळ्या "मी जातो, मी आलो, मी भात खाल्लो" असंच बोलतात. माझं माहेर चिंचवडचं, लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातून "मी मंडईला जाऊन येतो गं" असं ऐकलं आणि मी डोक्यावर पदर घेऊन सासरे आले म्हणून उठून उभी राहिले होते, बघते तर सासूबाई पिशवी घेऊन चाललेल्या. आता सवय झाली. तर ते शीट घेऊन मी मॅडमना भेटायला गेले, त्या फोनवर होत्या, आणि फोनवर काय म्हणत होत्या तर "आलो आलो, दोन मिनटांत आलो". मी काही बोलले नाही. शीटवर सही करून आले.

पण ती गोष्ट डोक्यात राहिली. कारण मी आई, चोवीस तास (बरं, बँकेची वेळ सोडून) तिच्याशी बोलते, आणि मी "जाते, येते" म्हणते. टीव्हीवर पण तेच. गोष्टीच्या पुस्तकात तेच. तरी पोरीनं उचललं ते सासूबाईंचं, शेजारच्या वहिनींचं, दूध घालायला येणाऱ्या आक्कांचं. कुणी शिकवलं नाही, कुणी फ्लॅशकार्ड दाखवलं नाही. तिच्या भोवती जास्तीत जास्त बायका जशा बोलतात तसं आपणही बोलायचं हे तिनं तिचं तिचं ठरवलं. म्हणजे मग बाकी पण असंच भोवतीचंच उचलत असणार ना, आणि भोवती काय, तर दिवसाचे चार तास एसी वर्गात तिच्याच वयाची वीस पोरं आणि सगळ्यांच्या हातात वर्कशीट. उभी रेघ, आडवी रेघ. अडीच वर्षांची पोरं! आणि गंमत म्हणजे त्यांच्या माहितीपत्रकावर २०२० च्या नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे असं ठळक छापलेलं, आणि त्या धोरणात तर ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळ, गाणी, हातानं करायच्या गोष्टी यावरच सगळा भर आहे. नणंदेनं दाखवलं म्हणून कळलं, नाहीतर मी पण वाचलं नसतं.

तर काकूंकडं गेलो. काकू म्हणजे महापालिका शाळेतून रिटायर झालेल्या बाई, जुनं कौलारू घर, पुढं फरशी घातलेलं अंगण, एक चिकूचं झाड, एक नळ. मदतीला एक मावशी. चौदा पोरं. सगळ्यात लहान दीड वर्षाचं, सगळ्यात मोठा दहा वर्षांचा, तो शाळा सुटल्यावर येतो. मी विचारलं अ‍ॅक्टिव्हिटी काय काय असतात. काकू म्हणाल्या, "अ‍ॅक्टिव्हिटी काय असायची, घर हाय. बघ की बसून." आणि खरंच बसवलं. आठ दिवस सकाळी मला पायरीवर बसवलं, पहिल्या दिवशी तासभर, मग कमी कमी. प्ले ग्रुपला गेटवर गार्डच पोरगी हातातून ओढून घ्यायचा आणि मला म्हणायचा मॅडम मागं बघू नका, पटकन जावा. काकूंचा नियम बरोबर उलटा. चोरून जायचं नाही. पोराला सांगायचं मी जाते, मी इतक्या वाजता येते, आणि ते रडलं तरी सांगूनच जायचं, आणि त्या वेळेला यायचंच. "आई नाहीशी झाली असं वाटता कामा नये, आई गेली आणि आई आली असं वाटलं पाहिजे." नवव्या दिवशी पोरगी म्हणाली तू जा. मीच रिक्षात रडले, ते वेगळं.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते सांगते. मटारचा सीझन होता. शनिवारी मी जरा लवकर गेले तर अंगणात सुपात मटारचा ढीग आणि भोवती सात-आठ पोरं. आमची पण. तिला शेंग फुटत नव्हती, ती नखानं मधेच टोकरत होती, दाणा चेंगरत होता, हिरवं पाणी बोटांवर. मी पुढं होऊन शेंग घेणार तेवढ्यात काकूंनी हातानंच मला थांब केलं. शेजारी आठ वर्षांचा एक पोरगा बसलेला, भाजीवाल्या ताईंचा, त्यानं काही न बोलता स्वतःची शेंग तिच्या डोळ्यासमोर धरली, देठाकडचं टोक दाबलं, टक्. मग तिची शेंग धरून टोक तिच्या अंगठ्याखाली आणून दिलं आणि हात काढून घेतला. बास एवढंच. दाबलं तिनंच. टक् झालं. तिनं मान वर करून सगळ्यांकडं असं बघितलं की जसं काय तिनंच मटारचा शोध लावलाय. पुढच्या शेंगेला त्यानं नुसतं टोकाकडं बोट दाखवलं. तिसऱ्या शेंगेला तो बघत पण नव्हता, स्वतःचं सोलत होता आणि निम्मे दाणे तोंडात टाकत होता.

नणंदेला सांगितलं तर ती एकदम उडालीच. म्हणाली वहिनी, आम्ही परीक्षेला पाठ केलेलं ते हेच. व्हायगॉट्स्की म्हणून रशियातला एक माणूस, १८९६ चा जन्म, १९३४ ला क्षयानं गेला, जेमतेम ३७ वर्षांचा, त्याचं म्हणणं असं की पोराला एकट्याला काय जमतं तेवढंच बघू नका, कुणाची थोडी मदत मिळाल्यावर काय जमतं ते बघा, त्या दोन्हीच्या मधली जी जागा आहे तिथं खरं शिकणं होतं, आणि आज मदतीनं जमलं ते उद्या एकट्यानं जमतं. आणि मदत करणारा मोठा माणूसच पाहिजे असं नाही, जरा पुढं गेलेलं दुसरं पोर पण चालतं. आता सांगा, सगळी अडीच वर्षांचीच पोरं एका वर्गात कोंबल्यावर शेंग कुणी कुणाला दाखवायची? आपल्या आज्यांच्या काळात हे आपोआप व्हायचं, घरात चुलत-मावस धरून दहा पोरं, मोठीनं धाकट्याला काखेत घेऊन फिरायचं. (मोठीच्या शाळेचं काय व्हायचं ते मात्र कुणी सांगत नाही, माझ्या सासूबाई चौथीनंतर घरी बसल्या त्या धाकट्या भावंडांसाठीच. त्यामुळं जुनं ते सगळं सोनं असलं मी म्हणत नाहीये.)

दुसरी गोष्ट पेढ्याची. आमच्या आयांच्या ग्रुपवर एक रील फिरत होतं, पोरासमोर एक गोळी ठेवायची, सांगायचं की मी येईपर्यंत नाही खाल्लीस तर दोन मिळतील, आणि थांबणारी पोरं म्हणे आयुष्यात पुढं जातात. मी पण मूर्खासारखी करून बघितलं. पेढा ठेवला, सांगितलं, आत गेले, दाराच्या फटीतून बघत बसले. पोरगी पेढ्याकडं बघते, वास घेते, परत ठेवते, हात मांडीखाली घालून बसते. दहा मिनिटं! मला वाटलं आपली पोरगी कलेक्टर होणार. बाहेर येऊन विचारलं का गं नाही खाल्लास, तर म्हणाली, "अजून सगळे बसले नाहीत ना." काकूंकडं चौदाही ताटं वाढून झाल्याशिवाय आणि श्लोक म्हटल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही, दीड वर्षाचं पण नाही, ते नुसतं बघत बसतं आणि मधेच टाळी वाजवतं. म्हणजे संयम वगैरे काही नाही, तिच्या मते खायची वेळच झाली नव्हती. आणि त्याच आठवड्यात वाढदिवसाला आत्यानं गिफ्ट आणलं, मी म्हणतेय थांब केक कापू दे, तोवर कागदाच्या चिंध्या.

ह्यावर पण खरंच अभ्यास झालाय, मला नंतर वाचायला मिळाला. मूळ प्रयोग अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी १९७० च्या आसपास केलेला. २०१८ मध्ये जास्त पोरं घेऊन परत तपासलं तेव्हा घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशोबात धरल्यावर ते थांबणारी पोरं पुढं जातात वालं प्रकरण बरंच बारीक निघालं. आणि २०२२ मध्ये एक फारच गोड अभ्यास आला, जपानमधली पोरं आणि अमेरिकेतली पोरं. जपानी पोरं खाऊसाठी जास्त वेळ थांबली आणि अमेरिकन पोरं गिफ्टसाठी जास्त वेळ थांबली. कारण काय, तर जपानात सगळ्यांना वाढून होईपर्यंत खायचं नाही ही घराघरातली सवय, आणि अमेरिकेत वाढदिवसाची किंवा नाताळची गिफ्टं वेळ येईपर्यंत फोडायची नाहीत ही सवय. म्हणजे आमची पोरगी पेढ्याच्या बाबतीत जपानी आणि गिफ्टच्या बाबतीत कोल्हापुरी. ते रील टाकणाऱ्या बाईंना मी हे सगळं लिहून पाठवलं, त्यांनी हात जोडलेला इमोजी टाकला.

बाकी काकूंकडं काय काय चालतं: लसूण सोलणं, रुमालाच्या घड्या, झाडाला पाणी, थंडीत भाकरीबरोबर काकवी, एकदा कागलच्या बाजूला गुऱ्हाळावर नेलं होतं तर सगळी पोरं चिकट होऊन आली. उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या वाळत घालतात तेव्हा पोरांना अंगणबंदी, तरी खिडकीत उभी राहून ठसके देत बघतात आणि नंतर आठवडाभर सगळ्यांचा खेळ एकच, चटणी कुटायला नेणे. वीट म्हणजे डंख (मिरची कुटायचं यंत्र), वाळू म्हणजे मिरची, आणि एकजण फक्त शिंकायचं काम करतो. काकूंना मी एकदा विचारलं हे तुम्ही कुठं शिकलात, त्या म्हणाल्या शिकायचं काय त्यात, आणि मग हळूच म्हणाल्या की नोकरीत असताना ताराबाई मोडकांचं वाचलेलं. ताराबाईंनी १९४५ ला बोर्डीला गरिबांच्या पोरांसाठी बालवाडी काढली, नंतर कोसबाडला अनुताई वाघांबरोबर आदिवासी पाड्यांवर काम केलं, आणि महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून खडे, शिंपले, बिया, मणी, पानं घेऊन पोरांना शिकवलं. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, त्यावरून अंगणवाडी. मला इतकी वर्षं अंगणवाडी म्हणजे सरकारी शब्द वाटायचा! सरकारची योजना तर १९७५ ला सुरू झाली, २ ऑक्टोबरला. आणि आपल्या कोल्हापुरातच लीलाताई पाटलांनी १९८५ ला सृजन आनंद विद्यालय काढलेलं, त्या शाळेबद्दल काकू बोलायला लागल्या की मग पोरगी घेऊन निघायला अर्धा तास धरायचा.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, मावशी. मनानं चांगल्या आहेत, पोरांची शी-शू कधी कटकट न करता काढतात, पण तोंड. पोरगा पडून रडला की "पोरीगत काय रडाय लागलास रं". आणि जेवण झालं की ताटं पुसायला पोरींना हाक, पोरं बॉल घेऊन गल्लीत. पेठापेठांतलं फुटबॉलचं वेड इकडं पण आहेच, मोठी पोरं विटा मांडून गोल करतात. पोरगी एक दिवस घरी येऊन म्हणाली, "बॉल पोरांचा असतो." बसला ना खडा. कुणी तिला शिकवायला बसलं नव्हतं, शेंगेसारखंच तिनं बघून उचललं. म्हणजे जी गोष्ट मी वर इतकं कौतुक करून सांगितली तीच ही. आजूबाजूचं चांगलं तेवढंच पोरं उचलतात असं कुठं आहे, सगळंच उचलतात, न चाळता.

मी काकूंशी बोलले. त्यांना आधी जरा लागलं, मग म्हणाल्या बघतो. आठवड्यानं ताटं पुसायची पाळी फळ्यावर लिहिली, एक दिवस पोरं एक दिवस पोरी, आणि फुटबॉलला आमची पोरगी गोलकीपर, कारण तिला जागेवरून हलायचं नसतं, नुसतं उभं राहून ओरडायचं असतं. मावशींचं "पोरीगत" मात्र अजून चालू आहे, कमी झालंय पण आहे. त्यांना सांगायला गेले तर म्हणाल्या, ताई मला पण असंच म्हणत वाढवलंय, जिभेवर बसलंय. काय बोलणार. माझ्या पण जिभेवर काय काय बसलंय ते मला कळलं तेव्हा, जेव्हा पोरगी बाहुलीला भिंतीकडं तोंड करून बसवून म्हणाली, "गप, माझा कॉल चालू आहे." हे काकूंकडचं नाही, आमच्या घरचं आहे. ह्याचा रिव्ह्यू कुठं लिहायचा?

दुसरी तक्रार, भीती. न झोपणाऱ्याला पोलीस येईल म्हणून सांगतात, त्या पोरांत एक हवालदाराची मुलगी आहे, ती म्हणते माझे पप्पाच येणारेत, त्यामुळं तो डाव फसतो, पण तरी नको. तिसरी, खायला घालायचा आग्रह, पोट भरलं म्हटलं तरी दोन घास, ताटात टाकायचं नाही यावर काकू हटत नाहीत. मी म्हटलं मग आधीच कमी वाढा. आता कमी वाढतात. चौथी, टॉयलेट एकच आणि भारतीय पद्धतीचं, लहान पोरांना मावशी धरतात पण सकाळी रांग लागते. पावसाळ्यात अंगणात जाता येत नाही, मधल्या खोलीत चौदा पोरं म्हणजे जुलैमध्ये डोकं उठतं आणि एकाला सर्दी झाली की चौदा जणांना. सीसीटीव्ही नाही, ज्यांना मोबाईलवर पोर बघत बसायचंय त्यांनी येऊ नका. आणि सुट्ट्या! आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला त्यांच्या गल्लीचं नवं पाणी (नदीला आलेलं नवीन पाणी वाजतगाजत देवीला न्यायची मिरवणूक, तिलाच पी ढबाक म्हणतात) निघतं त्या दिवशी बंद, आणि हे आदल्या दिवशी संध्याकाळी सांगणार. गेल्या वर्षी मला क्लोजिंगच्या गडबडीत रजा काढायला लागली, मॅनेजरला काय सांगू, पी ढबाक आहे म्हणून?

शिकवणं म्हणाल तर अक्षर ओळख वगैरे नाही. पोरीला ए बी सी डी अर्धीच येते, बिल्डिंगमधल्या तिच्या वयाच्या मुलाला पन्नासपर्यंत लिहिता येतं आणि त्याची आई मला लिफ्टमध्ये ते सांगतेच. माझ्या पोटात गोळा येतो, खोटं कशाला बोलू. पण आमची पोरगी चौदा ताटं मांडते तेव्हा बोटानं मोजते, आणि आज कोण आलं नाही ते नावानिशी सांगते, आणि एक ताट मागं घेते. हे मोजणंच आहे ना. मी तरी स्वतःला असं समजावते.

फी. आमची महिना ३,८०० आहे, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात, जेवणासकट. सगळ्यांची तेवढी नाही. डॉक्टरांच्या जुळ्यांची जास्त आहे, भाजीवाल्या ताईंकडून काकू काय घेतात ते त्यांनाच माहीत, बहुतेक मटार. भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो आहे, आणि सातनंतर न्यायला आलात तर दर पाच मिनिटांना १० रुपये, त्याला काकू "शाहू दंड" म्हणतात. १९१७ ला महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड होता, दंड पोराला नाही, आईबापाला. काकूंचं तेच म्हणणं, उशीर तुम्ही करता, तोंड पोरानं का पाडायचं. पैसे एका डब्यात जमतात आणि दिवाळीच्या आधी त्यातून पोरांना किल्ल्यासाठी माती आणि मावळे. आमच्या ह्यांच्यामुळं गेल्या वर्षी निम्मा किल्ला झाला असेल.

जागा सध्या एकच रिकामी आहे, जूनमध्ये दोन मोठी पोरं जातील तेव्हा अजून होतील, ज्यांना पत्ता पाहिजे त्यांनी मला फोन करा, पण आठ दिवस पायरीवर बसायची तयारी असेल तरच. प्ले ग्रुपवाल्यांना एक सांगायचं राहिलं. परवा चिंचवडच्या आजीचा फोन होता, बोलून झाल्यावर पोरगी म्हणाली "आजी, मी आता खेळायला जाते हं", फोन माझ्या हातात दिला, चपला घातल्या, आणि दारात बसलेल्या सासूबाईंना म्हणाली, "आज्जी, मी जातो."